सांगलीत जुनी एस-क्लास तपासताना

माझे मामा हळदीचे व्यापारी. मार्केट यार्डात अडत आहे, वय सत्तरीकडे झुकलंय, मणक्याचं ऑपरेशन झालंय, तरी पुण्या-मुंबईच्या फेऱ्या चुकत नाहीत. मागच्या सीटवर पाय पसरून बसता येईल अशी गाडी त्यांना हवी होती. ओळखीच्या एका बांधकाम व्यावसायिकाची २०१८ ची मर्सिडीज-बेंझ एस ३५० डी विकायला निघाली आणि मामांचा मला फोन आला. "पैशाचं माझं मी बघतो. गाडी आतनं कशी हाय, तेवढं तू सांग."

माझं कुपवाड एमआयडीसीत मशिन शॉप आहे. पंपाची आणि इंजिनाची कास्टिंग आमच्याकडे मशिनिंगला येतात. गॅरेज माझं नाही, पण मिरज रस्त्यावरच्या एका मित्राचं आहे. तिथली लिफ्ट, स्कॅनर आणि तिथले मिस्त्री यांच्या भरवशावर हे काम मी अंगावर घेतलं.

सांगलीत जुनी गाडी बघायची तर सगळ्यात आधी पुराचा विचार करावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. म्हणजे २०१८ ची, कायम सांगलीत राहिलेली गाडी या दोन्ही पुरांची साक्षीदार. मालकाचा बंगला नदीपासून लांब, विश्रामबागेच्या बाजूला. पण बंगला उंचावर आहे म्हणून गाडीही त्या आठवड्यात तिथेच होती असं धरून चालत नाही. अनेकांच्या गाड्या तेव्हा भलत्याच जागी अडकल्या होत्या.

एस-क्लाससारख्या गाडीत पाणी शिरणं फार वाईट. साध्या गाडीचं कार्पेट उन्हात टाकलं की निम्मं काम होतं. इथे कार्पेटखाली आवाज अडवणारा जाड फोम असतो, त्याच्याखाली वायरिंगचे जुडगे आणि कंट्रोल युनिट. फोम पाणी धरून ठेवतो, वरून कार्पेट कोरडं लागतं आणि खाली महिनोन्महिने कनेक्टरच्या पिना हिरव्या होत जातात. बिघाड दोन वर्षांनी उगवतो. कधी सीट हलत नाही, कधी मागचा पडदा अर्ध्यात थांबतो, आणि कारण कुणालाच सापडत नाही.

म्हणून आम्ही पुढच्या बाजूचं कार्पेट कडेने उचललं. फोममध्ये बोटं खुपसून पाहिलं, खालच्या पत्र्यावर टॉर्च मारला. सीटच्या रेलचे बोल्ट पाहिले, त्यांच्या डोक्यांवर तांबूस पापुद्रा नव्हता. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढले. पुराचं पाणी लागलेल्या बेल्टवर आत गुंडाळलेल्या भागात मातकट रेष राहते; ती धुऊन जात नाही आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. डिकीतल्या मॅटखालचे कोपरे, एअर फिल्टरच्या डब्याचा तळ, दोन्ही हेडलाइटच्या काचांची आतली बाजू, सगळं पाहिलं. कृष्णेचा गाळ पिठासारखा बारीक असतो आणि एकदा शिरला की कुठल्या तरी कोपऱ्यात सापडतोच. इथे कुठेच सापडला नाही. सर्व्हिसच्या नोंदींत त्या दोन्ही पावसाळ्यांनंतर काही मोठं काम झालेलं नव्हतं, विम्याचा दावाही नव्हता. मगच मी मामांना कळवलं की पुढची तपासणी करण्यात अर्थ आहे.

मग बॉडी. आमच्याकडे जुन्या गाड्यांचे दलाल खिशात लोहचुंबक घेऊन फिरतात. पुट्टी भरलेल्या जागी चुंबक धरत नाही, ही त्यांची कसोटी. या गाडीवर ती कसोटी चालत नाही. या पिढीच्या एस-क्लासचं, म्हणजे डब्ल्यू २२२ चं, बाहेरचं सगळं आवरण अॅल्युमिनियमचं आहे. बॉनेटवर, दारावर, छतावर चुंबक कुठेच धरणार नाही. मी माझ्या शॉपमधलं कोटिंगची जाडी मोजणारं मीटर नेलं होतं, ते अॅल्युमिनियमवरही चालतं. गाडीभर आकडे शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या दरम्यान आले. फक्त उजव्या मागच्या दारावर अडीचशेच्या वर. म्हणजे तेवढं एक दार कधीतरी पुन्हा रंगवलेलं. पुट्टी असती तर आकडा हजाराकडे गेला असता. मालकांना विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं, पार्किंगमध्ये ओरखडा उठला होता. मीटर आणि माणूस एकच सांगत होते, मला बरं वाटलं.

इंजिनाबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण ते माझ्या धंद्याच्या जवळचं आहे. या गाडीत ओएम ६५६ हे सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. २९२५ सीसी, २८६ हॉर्सपॉवर, ६०० न्यूटन मीटर टॉर्क. त्याच्या आधीचं तीन लिटरचं डिझेल व्ही आकाराचं होतं आणि त्याची थरथर मारायला बॅलन्सर शाफ्ट लावावा लागायचा. सरळ सहा सिलिंडरमध्ये पिस्टनची वर-खाली जाणारी बलं आणि त्यातून निघणारे झोके आपोआप एकमेकांना मारून टाकतात. वेगळा शाफ्ट लागत नाही. जितकं कमी फिरतं तितकं कमी झिजतं.

ब्लॉक अॅल्युमिनियमचा आणि पिस्टन पोलादाचे. आमच्याकडे नवीन येणारी पोरं हे ऐकून चक्रावतात, कारण त्यांनी बघितलेलं नेहमी उलट असतं. पण विचार बघा. पोलाद तापल्यावर अॅल्युमिनियमपेक्षा कमी फुगतं. इंजिन तापलं की ब्लॉक फुगतो, पिस्टन त्या मानाने कमी फुगतो, मधली फट किंचित मोकळी होते आणि घर्षण उतरतं. शिवाय पोलाद मजबूत असल्याने पिस्टनची उंची कमी ठेवता येते. सिलिंडरच्या आत ओतीव लोखंडाचा लायनर, म्हणजे आतली नळीही नाही. लोखंड-कार्बनची तार विजेच्या ज्योतीत वितळवून तिचा फवारा थेट अॅल्युमिनियमवर मारतात, थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा, आणि मग त्याला आरशासारखं घासून काढतात. त्या आरशात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात, तेल त्यांत टिकून राहतं. कंपनी या प्रक्रियेला नॅनोस्लाइड म्हणते. ओतीव लोखंडाचं होनिंग, म्हणजे सिलिंडरचं बोअर आतून घासणं, करण्यात माझी अनेक वर्षं गेली आहेत. तेलाला धरून ठेवायला आम्ही बोअरवर तिरक्या रेघा पाडतो. तेच काम इथे रेघांशिवाय होतं. असं पृष्ठ तयार करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

अशा इंजिनाची तपासणी गार असताना करायची. मी मालकांना आदल्या दिवशीच विनंती केली होती की सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. विकणारा बहुतेक वेळा इंजिन गरम करून ठेवतो आणि गरम इंजिन बरंच काही लपवतं. थंडीचे दिवस होते, पहाटेचा गारवा होता. मी बॉनेट उघडून उभा राहिलो, मिस्त्रींनी बटण दाबलं. पहिले काही सेकंद डिझेलचा कोरडा टकटकाट आला आणि मग आवाज बसला. टायमिंग चेनची खडखड नाही, धूर नाही. तेलाचं झाकण काढलं तर फुत्कार नाही. स्कॅनरवर सहाही इंजेक्टरचं करेक्शन पाहिलं; एखादा इंजेक्टर कमी-जास्त डिझेल देत असेल तर कंप्युटर त्याला किती सांभाळून घेतोय ते तिथे कळतं. सगळे जवळपास सारखे. किलोमीटरची नोंद मीटरबरोबर इतर कंट्रोल युनिटमध्येही असते, ती ताडून पाहिली. जुळली.

अॅडब्लूच्या टाकीचं झाकण उघडल्यावर तोंडाशी पांढरे खडे जमलेले दिसले. अॅडब्लू म्हणजे डिझेलचा धूर साफ करायला लागणारं ३२.५ टक्के युरियाचं द्रावण, सांडलं की पाणी उडतं आणि युरिया उरतो. ओल्या फडक्याने पुसलं, निघालं. ही गाडी जानेवारी २०१८ मध्ये आली तेव्हा भारतात तयार झालेली, प्रदूषणाच्या बीएस ६ नियमांत बसणारी पहिली गाडी म्हणून आली होती, चाकणच्या कारखान्यातून. देशभर बीएस ६ लागू झालं १ एप्रिल २०२० ला. म्हणजे सुरुवातीची दोन वर्षं तिने बीएस ४ चं, जास्त गंधकाचं डिझेल बरंच पचवलं असणार. म्हणून काजळी अडवणाऱ्या फिल्टरची अवस्था स्कॅनरवर मुद्दाम पाहिली. गाडी पुण्याला नेहमी जायची, महामार्गावर फिल्टर जळून साफ होत राहिलेला. नुसती गावात फिरलेली असती तर मी इथेच थांबलो असतो.

आता एअर सस्पेन्शन. जुन्या मोठ्या गाडीला लोक घाबरतात ते यालाच, आणि बरेचसे ऐकीव गोष्टींवर घाबरतात. चारही चाकांना पोलादी स्प्रिंगऐवजी रबराच्या हवेच्या पिशव्या, एक कंप्रेसर, एक साठवण टाकी, आणि उंची मोजणारे सेन्सर. मामांसाठी त्यातला मुद्दा हा: पोलादी स्प्रिंगची गाडी एकट्या माणसाला धरून मऊ केली तर पाच माणसं आणि सामान भरल्यावर ती खाली बसते. भरलेल्या गाडीला धरून ताठ केली तर एकट्याची हाडं खिळखिळी होतात. हवेच्या पिशवीत वजन वाढलं की दाबही वाढवता येतो, उंची तीच राहते आणि गाडीचा हेलकावाही जवळपास तोच राहतो. मणक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला याची किंमत कळते.

पिशवी गळते का हे पाहण्याची रीत सोपी आहे, पण ती धीराने करावी लागते. संध्याकाळी गाडी सपाट फरशीवर उभी केली आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून खडूने फरशीवर लिहिलं. सकाळी पुन्हा मोजलं. यात एक खबरदारी लागते. किल्ली लांब ठेवून, गाडी न उघडता मोजायचं. दार उघडलं की गाडी जागी होते, स्वतःची उंची सावरून घेते आणि रात्रभराचा पुरावा पुसला जातो. तीन चाकांवर दोन-दोन मिलिमीटर उतार आला. तो गळतीचा म्हणता येत नाही. रात्री पिशवीतली हवा गार झाली की ती आकसतेच, आणि सगळीकडे सारखी आकसते. चौथा, मागचा डावा कोपरा, सहा मिलिमीटर खाली होता.

मामांचा चेहरा पडला. "पिशवी गेली म्हणायची."

मी म्हटलं, "थांबा मामा, आधी कुठनं जातीय ते बघू."

लिफ्टवर घेतली, चाक काढलं. साबणाचं पाणी ब्रशने पिशवीच्या घड्यांवर लावलं. घड्यांवर काही नाही. रबराला बारीक भेगाही नव्हत्या. मग वरच्या बाजूला, जिथे हवेची नळी स्ट्रटमध्ये, म्हणजे पिशवी बसवलेल्या खांबात, शिरते त्या जोडावर ब्रश फिरवला. आधी काहीच दिसलं नाही. मिस्त्री ब्रश ठेवणार तेवढ्यात जोडाच्या एका बाजूला मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. त्या जोडावर पान्याची खूण होती, म्हणजे कधीतरी कुणीतरी तो उघडून परत बसवला होता. दोष तेवढ्या फिटिंगचा. दुर्लक्ष झालं असतं तर हा बुडबुडा भरून काढायला कंप्रेसर दिवसरात्र जास्त चालत राहिला असता, जळाला असता, आणि मग सगळ्यांनी म्हटलं असतं की एअर सस्पेन्शन वाईट. फिटिंग बदलल्यावर पुन्हा रात्रभर उभी केली. चारही कोपरे सारखे आले.

रस्त्यावरची परीक्षा शेवटी. इथे माझं मत ठाम आहे. एवढ्या मोठ्या गाडीची परीक्षा सावकाश चालवताना होते. कंपनीच्या आकड्यांनुसार ती ६ सेकंदांत ताशी १०० किलोमीटर गाठते आणि २५० वर तिला रोखलेलं आहे. ते आकडे खरेच आहेत, पण त्या वेगात दोष ऐकू येत नाहीत, वाऱ्याचा आणि रस्त्याचा आवाज सगळं झाकतो. ताशी दहाच्या वेगाने गाडी बोलते.

शंभर फुटी रस्त्यावरून निघालो. प्रत्येक स्पीडब्रेकर आम्ही एकदा सरळ आणि एकदा तिरका घेतला. सरळ घेतल्यावर दोन्ही चाकं एकदम चढतात. तिरका घेतला की एकाच बाजूच्या बुशवर, म्हणजे सांध्यातल्या रबरावर, ताण येतो आणि सैल झालेला बुश ठोका देतो. काच बंद, एसी बंद, कुणी बोलायचं नाही असं ठरलं होतं. डाव्या पुढच्या बाजूने अगदी हलका ठोका आला. नंतर लिफ्टवर पाहिलं, खालच्या आर्मचं रबर झिजलेलं. आपल्या स्पीडब्रेकरांवर एवढ्या वर्षांनी ते होणारच.

ब्रेकचंही तसंच. दोन टनांच्या आसपासची गाडी जोरात दाबून थांबवणं हे चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचं काम, आणि ते तंत्र १९७८ मध्ये बॉशच्या साथीने पहिल्यांदा एस-क्लासवरच आलं. मला पाहायचा होता शेवटचा मीटर. पुढे ट्रॅक्टर थांबलाय आणि तुम्ही पायाचं वजन हळूहळू काढून घेताय, तेव्हा गाडी थांबल्याचं मागे बसलेल्याला कळता कामा नये. मामांना मागे बसवूनच हे केलं. डिस्क वाकडी असेल तर ऐंशीच्या वेगात ब्रेक हलकाच टेकवल्यावर स्टिअरिंगमध्ये थरथर येते. तीही आली नाही.

इस्लामपूरमार्गे पेठ नाक्याकडे निघालो. गळीत हंगाम ऐन भरात, रस्ताभर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर. या इंजिनाचा खरा उपयोग मला तिथे कळला. सगळा ६०० न्यूटन मीटर टॉर्क १२०० फेऱ्यांपासून हाताशी असतो. ट्रॅक्टरच्या मागे ताशी पंचवीसने रांगत असताना समोरचा रस्ता मोकळा दिसला, पाय थोडा दाबला आणि गाडी आवाज न चढवता पुढे निघून गेली. गिअरबॉक्सला नऊ गिअर आहेत. कुठल्या वेळी कुठला गिअर पडला हे मी मुद्दाम लक्ष देऊनही बऱ्याचदा सांगू शकलो नाही. मिस्त्री मात्र हळू वेगातल्या खालच्या गिअरवर कान लावून होते. दुसऱ्यातून पहिल्यात उतरताना धक्का येतो का, हे ते पाहत होते. तो किंचित येत होता.

पेठ नाक्याला महामार्गाला लागलो आणि कराडच्या पुढे मिस्त्रींनी गाडी ताशी शंभरला स्थिर धरली. इंजिन दीड हजार फेऱ्यांच्याही खाली चालत होतं. या गाडीचा वाऱ्याला होणारा विरोध कमी आहे, ड्रॅग कोइफिशंट ०.२४ च्या आसपास. त्यामुळे वाऱ्याचा आवाज जवळपास नाहीसा होतो आणि टायरचा आवाज उघडा पडतो. मागून घुं घुं ऐकू यायला लागलं. साताऱ्यात चहाला थांबलो तेव्हा टायर वाचले. पुढच्या जोडीवर मर्सिडीजसाठी म्हणून बनवलेल्या टायरवर असतो तो एमओ शिक्का होता, मागची जोडी साधी आणि तारीख बघितली तर चांगलीच जुनी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण रबर कडक झालं होतं. नक्षी बघून टायर घेणारे इथेच फसतात.

यवतेश्वरचा घाट मी स्वतः चालवला. लांब व्हीलबेसची गाडी, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३१६५ मिलिमीटर. अरुंद वळणावर तिला जागा लागते आणि समोरून एसटी आली की थांबून वाट द्यावीच लागते. या घाटासाठी ही गाडी बनलेली नाही. पण उतरताना स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर खाली घेत आलो, ब्रेक मोजून वापरले, आणि मागे मामांना झोप लागली. तपासणीच्या कागदावर मी हेही लिहिलं.

परत आल्यावर मालकांसमोर कागद ठेवला. मागची टायरची जोडी, पुढच्या खालच्या आर्मचे दोन्ही बुश (एक बदलला तर दुसराही बदलायचा), गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर, बदललेल्या फिटिंगचा खर्च. एवढी रक्कम किमतीतून वजा करा, बाकी गाडीबद्दल तक्रार नाही. त्यांनी कागद वाचला, मीटरचे आकडे मागून बघितले आणि थोडी घासाघीस करून मान्य केलं. आरसी, कर, कर्जाचा बोजा उतरल्याचं पत्र ही कामं मामांच्या मुलाने पाहिली.

गिअरबॉक्सचं तेल आम्हीच बदललं. या गिअरबॉक्सची तेलाची परात प्लास्टिकची असते, बोल्ट नेमक्या ताणालाच आवळायचे. तेलाची पातळीही ठरावीक तापमानालाच मोजायची, म्हणून स्कॅनरवर तापमान बघत इंजिन चालू ठेवून भरलं. जुनं तेल काळपट होतं, पण परातीतल्या चुंबकावर नुसती बारीक राखाडी भुकटी होती, कणी एकही नाही. कणी असती तर आत काहीतरी तुटतंय असा अर्थ झाला असता. तेल बदलल्यावर गिअरबॉक्सला नव्याने शिकवावं लागतं, तेही केलं. दुसऱ्यातून पहिल्यात उतरतानाचा तो धक्का गेला. मामांच्या ड्रायव्हर काकांना मी दोनच गोष्टी सांगितल्या आहेत: आठवड्यातून एकदा तरी गाडी महामार्गावर न्यायची, आणि कुठलाही कोपरा खाली बसलेला दिसला की गाडी चालू करायच्या आधी मला फोन करायचा.